वाचनालयाचा जुना संगणक: विंडोज ७ काढून दुसरी प्रणाली घालावी का?

ग्रंथपाल_गुहागर

नमस्कार. गुहागर तालुक्यात समुद्रकिनाऱ्यालगतच्या एका गावी असलेल्या 'क' वर्गाच्या शासनमान्य वाचनालयाचे काम मी पाहते. वाचनालयात एकच संगणक आहे. एका चाकरमानी सभासदाने मुंबईतील आपले कार्यालय आवरताना तो आम्हाला देणगी म्हणून दिला. त्यात इंटेलचा कोअर २ ड्युओ ई७५०० प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी डीडीआर३ रॅम आणि ३२० जीबीची हार्ड डिस्क असून त्यावर ३२-बिट विंडोज ७ चालते. कॅबिनेटच्या बाजूला विंडोजच्या परवान्याचे मूळ लेबल अजून शाबूत आहे.

पावसाळा लागल्यापासून हा संगणक फारच त्रास देऊ लागला आहे. तो सुरू होईपर्यंत सकाळची निम्मी देवघेव वहीवरच उरकावी लागते. दर वेळी तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली असते, बरीचशी संकेतस्थळे 'जोडणी सुरक्षित नाही' असे सांगून उघडतच नाहीत, आणि मधूनच निळा पडदा येऊन संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. क्वचित पडदा काळाच राहतो आणि आतून नुसता बीप-बीप आवाज येत राहतो.

जवळच्या शहरातील एका दुकानात चौकशी केली तेव्हा "फॉरमॅट मारून विंडोज १० टाकून देतो, तासाभराचे काम आहे" असे उत्तर मिळाले. मला काळजी आहे ती आतल्या मजकुराची. सभासदांची यादी, ग्रंथांची लेखकवार व विषयवार सूची आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार, हे सारे एक्सेल व वर्डच्या फायलींत आहे. तेही युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत) नसून जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेले आहे. दाखल नोंदवही कागदावर आहे, परंतु लेखकवार सूची केवळ या संगणकातच आहे. छपाईसाठी एचपी लेझरजेट १०२० हा प्रिंटर आहे.

प्रणाली नव्याने घातल्याने हे दुखणे जाईल का, जाणार असेल तर कोणती प्रणाली घालावी, आणि मराठी मजकूर पुढेही वाचता येईल का, याविषयी जाणकारांनी सांगावे. नव्या संगणकासाठी वाचनालयाजवळ पैसे नाहीत. दोन-तीन हजार रुपयांच्या खर्चाला कार्यकारी मंडळ मान्यता देईल असे वाटते.

हार्डवेअर_रत्नागिरी

ग्रंथपालताई, आपण सांगितलेल्या लक्षणांपैकी निम्मी प्रणालीची नाहीतच, त्यामुळे फॉरमॅट मारून ती जाणार नाहीत. तारीख मागे जाते याचा अर्थ मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही तीन व्होल्टची चपटी बॅटरी संपली आहे. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. संकेतस्थळे न उघडण्याचे मूळही बहुधा तिथेच आहे. सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीपुरतेच वैध असते, आणि संगणक स्वतःला २००९ सालात समजत असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते. 'बहुधा' म्हणण्याचे कारण असे की विंडोज ७ वर याची दुसरीही एक बाजू आहे. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधाराने ओळखली जात, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली, आणि ज्या संगणकांवर नवी मूळ प्रमाणपत्रे उतरलेली नाहीत तिथे तारीख अचूक असूनही इशारे येत राहतात.

बीप आणि निळा पडदा यांबाबत माझा पहिला संशय रॅमवर आहे. खाऱ्या, दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि ती बसते त्या खाचेत थर धरतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबरात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत ही तक्रार सर्रास असते. विजेची वायर काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज उतरते, मग रॅम काढून तिच्या पट्ट्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि खाच कोरड्या ब्रशने झाडून घ्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळाले तर उत्तम, मात्र ते पूर्ण उडून गेल्याखेरीज वीज जोडू नका. कॅबिनेट उघडलेच आहे तर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर पाहून घ्या. त्यांची डोकी फुगलेली किंवा फुटलेली असतील तर या मदरबोर्डवर एक रुपयाही खर्च करण्यात अर्थ नाही आणि खालचा मजकूर वाचण्याची गरजही नाही. कॅबिनेटच्या मागच्या बाजूच्या उघड्या खाचा पत्र्याच्या पट्ट्यांनी झाकून घ्या. आपल्या भागात त्यांतून पाली आत शिरून अंडी घालतात आणि मग पॉवर सप्लायचे काय होते हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता हार्ड डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी दाखवतो. त्यात 'रीॲलोकेटेड' आणि 'करंट पेंडिंग' या दोन ओळींसमोर शून्याखेरीज काही असेल, तर संगणक सुरू होण्यास लागणाऱ्या वेळाचे उत्तर मिळाले असे समजा, आणि त्या डिस्कवर इतर काहीही करण्यापूर्वी फायली दुसरीकडे काढून घ्या.

माझा आग्रह एवढाच आहे की जुन्या डिस्कवर नवी प्रणाली घालूच नका, मग ती डिस्क निरोगी निघाली तरीही. २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घ्या, जुन्या डिस्कची वायर काढून बाजूला ठेवा, आणि एकटी एसएसडी जोडून तिच्यावर काम करा. मग इन्स्टॉलरच्या पडद्यावर चुकीचे पार्टिशन पुसले जाण्याची शक्यताच उरत नाही, कारण पुसण्यासारखे काही जोडलेलेच नसते. "डी ड्राइव्हवर ठेवले आहे, म्हणजे सुरक्षित आहे" असे लोक समजतात, पण सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात.

जी४१ मदरबोर्डवर सहसा आयसीएच७ चिप असते आणि तिच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) एएचसीआय हा डिस्क चालवण्याच्या नव्या पद्धतीचा पर्याय नसतो. तो दिसला नाही म्हणून थांबू नका, आयडीई या जुन्या पद्धतीतही एसएसडी चालते. वेग तिच्या पूर्ण क्षमतेइतका मिळणार नाही, तरी जुन्या डिस्कच्या मानाने फरक स्पष्ट जाणवेल. रॅम वाढवताना मात्र जपून घ्या. या चिपसेटला ४ जीबीची कोणतीही डीडीआर३ पट्टी चालत नाही, दोन्ही बाजू मिळून सोळा चिपा असलेलीच लागते. आठ चिपांची नवी पट्टी लावली तर पुन्हा तोच काळा पडदा आणि तेच बीप ऐकू येतील, आणि दुकानदार म्हणेल की मदरबोर्डच गेला. जुन्या सामानाच्या दुकानात सोळा चिपांची पट्टी मिळते, ती तिथेच लावून पाहून घ्या.

मुक्तप्रणाली_मालवण

हार्डवेअरचे सगळे वर आलेच आहे, म्हणून मी प्रणालीच्या निवडीबद्दल लिहितो.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती ठरली. दुकानदार जी विंडोज १० घालू म्हणतो, तिचाही सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यापुढे नाहीत. शिवाय कॅबिनेटवरच्या विंडोज ७ च्या लेबलावरील क्रमांक वापरून विंडोज १० सक्रिय करण्याची जी वाट होती, ती मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. म्हणजे "टाकून देतो" याचा अर्थ एकतर नवा परवाना विकत घेणे किंवा चोरीची प्रत घालणे असा होतो. शासकीय अनुदान घेणाऱ्या आणि तपासणीला सामोरे जाणाऱ्या संस्थेने दुसऱ्या मार्गाला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चोरीच्या प्रतीसोबत सक्रिय करणारा जो छोटा प्रोग्राम येतो, त्यात आणखी काय भरलेले आहे हे दुकानदारालाही माहीत नसते.

विंडोज ११ चा प्रश्न येथे उद्भवतच नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते हे सर्वांना ठाऊक आहे, आणि ती अट चुकवून प्रणाली घालण्याच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर मिळतात. परंतु २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना असणे भाग आहे. कोअर २ ड्युओमध्ये त्या नाहीत, त्यामुळे तिथे कोणतीही युक्ती चालत नाही.

उरते लिनक्स ही मोफत मिळणारी मुक्त प्रणाली, आणि आपल्या कामासाठी ते पुरेसे आहे. येथे एक गैरसमज दूर करतो. आपल्याकडे विंडोज ३२-बिट आहे म्हणून प्रोसेसरही ३२-बिट आहे असे नाही. ई७५०० हा ६४-बिट प्रोसेसर आहे. हे महत्त्वाचे अशासाठी की ३२-बिट संगणकांसाठीचे पर्याय झपाट्याने आटत चालले आहेत. डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. आपण लिनक्स मिंट २२ मालिकेतील एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी, तिला २०२९ पर्यंत आधार आहे. किमान २ जीबी रॅमवर ती चालते, पण ब्राउझर उघडला की २ जीबी अपुरी पडते. म्हणून वर सांगितलेली ४ जीबीची पट्टी घ्याच.

प्रणालीची प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल, जवळपास तीन जीबीची असते. गावात मोबाइलचे नेटवर्क येऊन-जाऊन असेल तर ती शहरात उतरवून घ्या आणि संकेतस्थळावर दिलेली एसएचए-२५६ पडताळणी संख्या अवश्य जुळवून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल पेनड्राइव्हवर व्यवस्थित लिहिली जाते, इन्स्टॉलरही सुरू होतो, आणि मग मध्येच कुठेतरी न समजणारी त्रुटी दाखवून थांबतो. पेनड्राइव्ह विंडोज ७ वरच तयार करणार असाल तर रुफस या पेनड्राइव्ह तयार करणाऱ्या प्रोग्रामची ३.२२ ही आवृत्ती लागेल, कारण ४ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. पार्टिशनचा प्रकार एमबीआर आणि लक्ष्य बायोस असे निवडा, हा मदरबोर्ड यूईएफआयच्या, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीच्या, आधीच्या पिढीतला आहे.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केल्यावर काहीही इन्स्टॉल न करता ते वापरून पाहता येते. पडदा, आवाज आणि नेटवर्क त्याच वेळी तपासा. लेझरजेट १०२० ला प्रत्येक वेळी चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (त्याचा आतला प्रोग्राम) पाठवावे लागते, आणि ते एचपीलिप या लिनक्सवर एचपीचे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या स्वतंत्र प्लगिनमधून येते. टर्मिनलमध्ये 'hp-plugin' ही आज्ञा दिली की ते उतरते. प्रिंटर यादीत दिसतो पण कागद ओढत नाही, असे झाले तर कारण हेच असेल.

अलिबागकर_लेखनिक

वरील दोघांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले तरी मी थोडे वेगळे सांगतो. वाचनालयात संगणक चालवणारी माणसे बदलत असतात, आणि ज्यांना विंडोज व एक्सेलची सवय आहे त्यांच्यासमोर अचानक दुसरी प्रणाली ठेवली तर ती शिकवणार कोण? रॅम पुसून, बॅटरी बदलून, नव्या एसएसडीवर याच लेबलावरच्या क्रमांकाने विंडोज ७ पुन्हा घालावी आणि तो संगणक इंटरनेटला कधीच जोडू नये, हाही मार्ग आहे. सूची, पावत्या आणि छपाई यांसाठी इंटरनेट लागत नाही, आणि ईमेल हल्ली फोनवरूनही पाहता येते. जुना मराठी टंकलेखनाचा प्रोग्रामही त्यावर पूर्वीसारखाच चालेल. एवढे मात्र पाळावे लागेल की बाहेरचा पेनड्राइव्ह त्यात सरळ लावायचा नाही.

मुक्तप्रणाली_मालवण

अलिबागकरांचा मुद्दा शिक्षणाच्या बाजूने मला मान्य आहे, पण ते शेवटी जी अट घालतात तीच पाळली जाणे अशक्य आहे. वाचनालयात विद्यार्थी अर्ज छापून घ्यायला येतात ते पेनड्राइव्ह घेऊनच. शिवाय जिल्हा कार्यालयाला पाठवायचे पत्र त्या संगणकावर लिहायचे आणि पाठवायचे फोनवरून, तर मध्ये पेनड्राइव्ह आलाच. इंटरनेटपासून तोडलेली विंडोज ७ एखाद्या कारखान्यातील यंत्रासाठी ठीक आहे, सार्वजनिक जागेत ती टिकत नाही.

डीटीपी_सावंतवाडी

फाँटविषयी कोणीच लिहिले नाही, आणि या प्रकरणात खरे नुकसान होऊ शकते ते तिथेच. युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये देवनागरीची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फाइलमध्ये साठते ते इंग्रजी अक्षरच, आणि पडद्यावर मराठी दिसते ते केवळ त्या फाँटमुळे. म्हणून आपण सगळ्या फायली जपून काढून घेतल्या आणि फाँट जुन्या विंडोजबरोबर गेला, तर उरेल ते निरर्थक इंग्रजी अक्षरांचे कडबोळे. शिवाय हे जुने फाँट सगळे सारखेही नाहीत. शिवाजी, श्रीलिपी, डीव्ही-टीटी सुरेख अशा प्रत्येक कुळाची मांडणी निराळी आहे, त्यामुळे 'कुठलातरी मराठी फाँट' घालून काम भागत नाही.

तेव्हा पहिले काम हे करा. सी ड्राइव्हमधील विंडोज या फोल्डरात फाँट्स नावाचे फोल्डर असते, ते संपूर्ण उचलून पेनड्राइव्हवर घ्या. निवडत बसू नका, जागा फार लागत नाही. त्याबरोबर प्रत्येक प्रकारच्या एका फायलीची पीडीएफ किंवा कागदी छापील प्रत काढून ठेवा, म्हणजे पुढे रूपांतर करताना मूळ मजकूर कसा दिसत होता हे ताडून पाहता येईल. टीटीएफ फाँट लिनक्सवरही चालतात. फाइलवर दोनदा क्लिक करून ते बसवले की लिबरऑफिस या वर्ड-एक्सेलच्या जागी वापरायच्या मोफत प्रोग्राममध्ये जुन्या फायली वाचता येतील. मात्र जुना टंकलेखनाचा प्रोग्राम तेथे चालणार नाही, नवे टंकन युनिकोडमध्येच करावे लागेल. त्यासाठी इनस्क्रिप्ट आणि ध्वन्यात्मक असे दोन्ही कळफलक मिंटमध्ये मिळतात, आणि राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हा युनिकोड फाँटही तेथे चालतो.

मी अलिबागकरांच्या मताशी सहमत नाही ते याच कारणाने. जुना प्रोग्राम जितका काळ चालू ठेवाल तितका जुन्या फाँटमधील मजकूर वाढत जाईल, आणि तो कधीतरी कोणालातरी बदलावाच लागणार आहे.

ग्रंथपाल_गुहागर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे काम केले, त्याचा वृत्तांत देते, कारण दोन शंका उरल्या आहेत.

प्रथम फाँट्सचे फोल्डर आणि सर्व फायली दोन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवल्या. बॅटरी बदलल्यावर तारीख स्थिर राहिली. रॅम पुसल्यापासून बीपचा आवाज आलेला नाही. कपॅसिटर सपाट आहेत. डिस्कच्या नोंदींत 'करंट पेंडिंग'समोर शून्य नव्हते, त्यामुळे एसएसडी घेण्याविषयी कार्यकारी मंडळात वाद झाला नाही. सोळा चिपांची पट्टीही मिळाली. पावसामुळे दिवसभर वीज ये-जा करत होती, म्हणून यूपीएसची बॅटरी भार घेते की नाही हे आधी पाहिले आणि मगच मिंट घातले. प्रिंटरने अगदी भाकीत केल्याप्रमाणे यादीत दिसून कागद मात्र ओढला नाही, प्लगिन उतरवल्यावर तो चालू झाला.

आता शंका. एका रूपांतरकाच्या साहाय्याने सूची युनिकोडमध्ये आणली, परंतु काही शीर्षकांत पहिली वेलांटी आणि रफार सरकलेले दिसतात. त्याहून विचित्र म्हणजे 'वाऱ्यावर' हा शब्द असलेले एक पुस्तक समोर दिसत असूनही शोधात सापडत नाही. दुसरी शंका जुन्या डिस्कबद्दल आहे. एक राहिलेली फाइल घेण्यासाठी एसएसडी काढून ती डिस्क पुन्हा जोडली, तर विंडोज ७ मध्ये घड्याळ कित्येक तास मागे दिसले. नवी बॅटरीही सदोष आहे का?

डीटीपी_सावंतवाडी

वेलांटी आणि रफार यांचे कारण सरळ आहे. जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार व्यंजनाच्या नंतर. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवतात, त्यामुळे दोन्हींच्या जागा उलट होतात. रूपांतरक साध्या शब्दांत हे नीट हाताळतो आणि जोडाक्षरांवर अडखळतो. म्हणून सूची सलग वाचत बसण्याऐवजी रफार आणि वेलांटीयुक्त जोडाक्षरे असलेल्या ओळीच तपासा. दाखल क्रमांक, किंमत आणि वर्ष यांचे रकाने साध्या इंग्रजी फाँटमध्ये असतील तर ते रूपांतरकात मुळीच घालू नका, आकड्यांच्या जागी भलतीच अक्षरे येतील.

'वाऱ्यावर' न सापडण्याचे कारण असे की त्यातील ऱ्य दोन प्रकारे साठवता येतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना संगणक त्यांना वेगळे शब्द मानतो. रूपांतरकाने एक प्रकार वापरला आणि तुमच्या कळफलकाने दुसरा. तुमच्या कळफलकावरून जो निघतो तो प्रमाण धरा, सूचीतील एक चुकीचा ऱ्य निवडून त्याची नक्कल 'शोधा व बदला'च्या खिडकीत डकवा, आणि सगळे एकदमच बदलून घ्या. नंतर लेखकांच्या रकान्याचा क्रम पुन्हा लावा. जुन्या फाँटमध्ये तो इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागत होता, आता अकारविल्हे लागेल.

हार्डवेअर_रत्नागिरी

बॅटरी चांगली आहे. मिंट मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, म्हणून विंडोजमध्ये घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते. ते तेथे दुरुस्त करू नका, नाहीतर मिंटमधले पुढे जाईल. राहिलेल्या फाइलसाठी त्या डिस्कवरून संगणक सुरू करण्याचीही आवश्यकता नाही. बिघडू लागलेल्या डिस्कवर विंडोज चालवले की ती सतत काहीतरी लिहीत राहते. संगणक बंद करून डिस्क दुसऱ्या साटा वायरीला जोडा, बायोसमध्ये एसएसडी पहिली ठेवा, मिंटमधून फाइल उचला आणि डिस्क पुन्हा काढून ठेवा. सूचीचे रूपांतर पूर्ण तपासून होईपर्यंत ती कोणालाही देऊ नका आणि पुसूही नका.